मोकळ्या जागेलाही आकार असतो

आषाढी वारीत गोल रिंगण लागतं तेव्हा हजारो माणसं मिळून एक मोकळी वाट तयार करतात. मधोमध पालखी, तिच्याभोवती पताकाधारी, टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या महिला. बाहेरच्या बाजूला बघणाऱ्यांची दाटी. आणि या दोन गर्दींच्या मध्ये कुणीही पाऊल न ठेवलेला मातीचा पट्टा. त्या पट्ट्यावरून अश्व धावतात. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसतं. त्या पाठीवर माउली बसलेले असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. अश्व पुढे गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात.

रिंगणाचे फोटो दरवर्षी शेकड्यांनी येतात आणि बहुतेकांत घोडा गर्दीत बुडून जातो. पण एखाद्या फोटोत घोड्याच्या पुढची माती मोकळी असते आणि त्याच्या रिकाम्या पाठीवर मागच्या कुणाची टोपी, कुणाची पताका, कुणाचा उंचावलेला मोबाइल येत नाही. त्या वीतभर मोकळ्या जागेमुळे दोन गोष्टी एकदम कळतात: स्वार नाही, आणि तरीही सगळ्यांच्या नजरा तिथेच लागल्या आहेत. तीच जागा मागच्या डोक्यांनी भरली, तर घोड्यावर कुणी बसलंय की नाही हेसुद्धा नीट दिसत नाही आणि फोटोचा सगळा अर्थच जातो.

फोटोग्राफीत निगेटिव्ह स्पेस म्हणतात ती ही. फ्रेममध्ये मुख्य गोष्ट, म्हणजे सब्जेक्ट, जिथे संपतो तिथपासून फ्रेमच्या कडेपर्यंतची शांत जागा. ती पांढरी किंवा कोरी असायला हवी असं काही नाही. समुद्र, भिंत, नांगरलेलं रान, सावली, धुकं, फोकसबाहेर गेलेली झाडी, यांपैकी काहीही चालतं. कसोटी एकच: तिथे नजर अडकते का? अडकत नसेल तर ती जागा आपलं काम करते आहे.

नजर कुठे अडकते हे साधारण ठरलेलं असतं. माणसांचे चेहरे, कुठलीही अक्षरं, फ्रेममधला सगळ्यात उजळ ठिपका, गडद आणि फिक्याची ठळक सीमा, एकसारख्या रंगात आलेला वेगळा रंग. म्हणून अख्खं निरभ्र आकाश घेतलं आणि कोपऱ्यात दुकानाच्या पाटीची दोन अक्षरं राहिली, तर वाचता येणारा प्रत्येक माणूस आधी ती अक्षरं वाचणार. फ्रेमचा नव्वद टक्के भाग मोकळा असूनही ती मोकळी जागा वाया गेली. याउलट दाट हिरव्या भाताच्या शेतात हजारो पाती असतात, पण ती सगळी सारखी असल्यामुळे नजर त्यांवरून सरकत जाते आणि इरलं घेतलेल्या बाईवर जाऊन थांबते.

डोळा जे टाकून देतो ते

ही गोष्ट समजायला सोपी आणि करायला अवघड का, याचं उत्तर आपल्या पाहण्याच्या सवयीत आहे. एडगर रुबिन या डॅनिश मानसशास्त्रज्ञानं 1915 साली एक चित्र प्रसिद्ध केलं, ते बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं: मध्ये फुलदाणी दिसते, किंवा एकमेकांकडे तोंड केलेले दोन चेहरे. दोन्ही एका वेळी दिसत नाहीत. कारण मधली रेघ एका वेळी एकाच बाजूची असते. फुलदाणी दिसत असेल तेव्हा ती रेघ फुलदाणीची कड असते आणि बाजूचा भाग निव्वळ मागे पसरलेला, आकार नसलेला असा वाटतो. चेहरे दिसू लागले की फुलदाणीचा आकार नाहीसा होतो.

आपण दिवसभर असंच पाहतो. समोरच्या माणसाशी बोलताना त्याच्या डोक्यामागचा विजेचा खांब आपल्याला जाणवत नाही, कारण मेंदूनं तो पार्श्वभूमीत ढकलून दिलेला असतो. शिवाय दोन डोळ्यांमुळे तो खांब किती लांब आहे हेही कळत असतं. कॅमेऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो चेहरा आणि खांब एकाच सपाट कागदावर शेजारी शेजारी ठेवतो आणि घरी आल्यावर आपल्याला दिसतं की खांब डोक्यातून उगवला आहे.

तेव्हा सब्जेक्ट क्षणभर विसरून त्याच्या भोवतीची जागा कशी कापली गेली आहे ते पाहायला शिकणं, हे या सगळ्यातलं खरं कौशल्य आहे. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या बाईचा हात आणि कंबर यांच्यामध्ये एक त्रिकोण तयार होतो. संध्याकाळच्या उजेडात तिची नुसती काळी आकृती घेतली तर तो त्रिकोणच सांगतो की हात कमरेवर आहे. तो बुजला तर उरतो एक काळा गोळा. टाळ वाजवणाऱ्याचे दोन हात चेहऱ्यापासून सुटे दिसले पाहिजेत. चालणाऱ्याच्या दोन पायांमधून उजेड दिसला पाहिजे. फोटो काढायच्या आधी सब्जेक्टच्या कडेनं नजर फिरवावी, आतून न फिरवता बाहेरून फिरवावी, म्हणजे या फटी दिसू लागतात.

सरावासाठी एक उपाय फार उपयोगी पडतो. काढलेला फोटो मोबाइलवर उलटा करून बघा, डोकं खाली आणि पाय वर. माणूस, झाड, होडी ही नावं मनातून काही क्षण पुसली जातात आणि उरतात नुसते गडद-फिके तुकडे. कुठला तुकडा जड झालाय, कुठली जागा चिंचोळी होऊन गुदमरतेय, हे सरळ फोटोत न दिसलेलं उलट्यात लगेच दिसतं.

दोन जुने फोटो

मोकळ्या जागेला आकार असतो म्हणजे काय, हे मला सगळ्यात स्पष्ट दिसतं ते अर्नोल्ड न्यूमन यांनी 1946 साली काढलेल्या संगीतकार इगोर स्ट्राविन्स्की यांच्या फोटोत. स्ट्राविन्स्की फ्रेमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आहेत, पियानोवर कोपर टेकवून, हातावर डोकं ठेवून. बाकी सगळी फ्रेम व्यापली आहे पियानोच्या उघडलेल्या झाकणानं. मागची भिंत फिकट, झाकण काळं कुळकुळीत, आणि त्या झाकणाचा आकार पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या कोमल स्वराच्या खुणेसारखा दिसतो. न्यूमन यांनी ते झाकण त्या आकारासाठीच निवडलं होतं.

यात गंमतीचा प्रश्न असा: मोकळी जागा कुठली? झाकण काळं म्हणून ती वस्तू, की भिंत फिकी म्हणून ती रिकामी? नजर दोन्हींवर थांबत नाही, ती चेहऱ्याकडे जाते. म्हणजे झाकण आणि भिंत दोन्ही मिळून मोकळी जागा झाली, आणि ती मोकळी जागाच सांगते की हा माणूस संगीतात राहतो. न्यूमन यांच्या मूळ निगेटिव्हमध्ये आजूबाजूला आणखी बरंच काही होतं. त्यांनी ते कडेकडेनं कापून टाकलं. हार्पर्स बझार या मासिकासाठी काढलेला हा फोटो त्या मासिकानं नाकारला होता. पुढे तोच न्यूमन यांचा सर्वांत प्रसिद्ध फोटो ठरला.

दुसरा फोटो हाँगकाँगच्या फान हो यांचा, 1954 सालचा. उंच पांढरी भिंत, तिच्या पायथ्याशी खाली मान घालून उभी असलेली एक तरुणी आणि भिंतीवर तिरकी उतरत तिच्या पायांपर्यंत आलेली काळी सावली. नात्यातल्या एका मुलीला त्यांनी कॉजवे बे भागातल्या त्या भिंतीपाशी उभं केलं होतं. ती तिरकी सावली प्रत्यक्षात तिथे नव्हती, ती नंतर डार्करूममध्ये तयार केली. हे कळल्यावर काहींना फसवल्यासारखं वाटतं. बातमीचा फोटो असता तर मीही आक्षेप घेतला असता. पण शिकणाऱ्याला यातून केवढं मोठं शिक्षण मिळतं! नुसती पांढरी भिंत फान हो यांना पुरेशी वाटली नाही. भिंत सगळी उजळ असती तर मुलगी तिथे एकटी उभी आहे, एवढंच दिसलं असतं. सावलीनं त्या रिकाम्या जागेचे दोन त्रिकोण केले, आणि उजेडाचा त्रिकोण मुलीपाशी निमुळता होत संपू लागला. काळ तिच्याकडे सरकतोय असं वाटतं ते त्यामुळे. मोकळ्या जागेतही दिशा असू शकते, वजन असू शकतं, हे या एका फोटोत मिळतं.

ती जागा मिळवायची कशी

मोकळी जागा शोधायचा सोपा मार्ग म्हणजे आधी पार्श्वभूमी ठरवायची आणि सब्जेक्ट तिथे येईपर्यंत थांबायचं. बहुतेक जण उलटं करतात: माणूस दिसला की त्याच्यामागे कॅमेरा घेऊन पळतात, मागे काय येईल ते येईल. एकाच रंगाची भिंत, उतरतं ऊन, मोकळा कट्टा असं एक ठिकाण हेरून थांबलं तर कुणी ना कुणी तिथून जातंच.

थांबणं शक्य नसेल तर स्वतः हलायचं. झूम करून मागचा खांब जात नाही, दोन पावलं डावीकडे सरकलं की जातो. आणि बाजूला सरकण्याइतकंच, खरं तर त्याहून जास्त काम, वर-खाली होण्यानं होतं. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, तिथलं उदाहरण घेऊ. होडीत उभ्यानं फोटो घेतला तर पक्ष्याच्या मागे पाणी येतं. सकाळी वारा पडलेला असेल तर ते पाणी एकाच रंगाचं असतं आणि लांब मान, बाकदार चोच त्यावर सुटी उठून दिसते. होडीत बसून कॅमेरा अगदी पाण्यालगत आणला तर मागे येतो पलीकडचा काठ. तो पुरेसा लांब असेल आणि लेन्सचं छिद्र मोठं, म्हणजे एफ 4 किंवा 5.6 असं असेल, तर काठाची झाडी विरघळून एक हिरवट-तपकिरी पट्टा होतो. हेही सुंदर दिसतं. फसतो तो या दोन्हींच्या मधला फोटो, ज्यात पाणी आणि काठ यांची सीमारेषा नेमकी पक्ष्याच्या मानेतून आरपार जाते. पाच-सहा इंच वर किंवा खाली होऊन ती रेषा डोक्याच्या वर किंवा पायांच्या खाली नेता येते. शेकडो चांगले पक्षी या पाच-सहा इंचांपायी वाया जातात.

रिंगणाला हाच हिशोब लागू होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून किंवा एखाद्या गच्चीवरून, जरा उंचावरून घेतलं तर अश्वामागे माती येते. कडेला गुडघ्यावर बसून घेतलं तर त्याची पाठ माणसांच्या डोक्यांच्या वर आभाळात जाऊ शकते. छातीच्या उंचीवर धरलेला कॅमेरा मात्र नक्की गर्दीच पकडतो. ड्रोननं थेट वरून घेतलेली रिंगणं अलीकडे फार दिसतात. वर्तुळ छान दिसतं हे खरं, पण घोडा मुंगीएवढा होतो आणि रिकामी पाठ दिसतच नाही. मला त्यात रिंगणाचा नकाशा दिसतो, रिंगण दिसत नाही.

धुकं ही निसर्गानं दिलेली आयती मोकळी जागा. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उतरले की मागचे डोंगर, विजेच्या तारा, हॉटेलांच्या पाट्या सगळं पुसलं जातं आणि समोरचं एक झाड तेवढं उरतं. मायकेल केन्ना हे ब्रिटिश छायाचित्रकार जपानच्या होक्काइडो बेटावर वर्षानुवर्षं हिवाळ्यात जात राहिले ते याच कारणासाठी. बर्फाची जमीन आणि पांढरं आभाळ एकमेकांत मिसळतं आणि कुंपणाची एक ओळ किंवा एखादं झाड कागदावर शाईनं ओढल्यासारखं दिसतं.

पण धुक्यात कॅमेरा एक घोळ घालतो. कॅमेऱ्याचा लाइट मीटर असं धरून चालतो की समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम करड्या रंगाचं आहे. छपाईच्या भाषेत सुमारे 18 टक्के प्रकाश परत पाठवणारा करडा. समोर सगळं पांढरं असेल तरी तो त्याला करडं करायला बघतो आणि धुकं मळकट होतं. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो मीटरच्या अंदाजापेक्षा उजळ किंवा गडद करायची सेटिंग, +1 ते +1.5 पर्यंत न्यावं. मोबाइलवर स्क्रीनवर बोट टेकवलं की सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर सरकवायची. काळोख्या गाभाऱ्यात एका समईचा फोटो घेताना याच्या बरोब्बर उलट. मीटर काळोखाला करडं करू पाहतो, भिंतीवरचे डाग, वायर, खुंट्या सगळं वर येतं आणि ज्योत पांढरीफटक होते. तिथे -1 किंवा -2 केलं की काळोख काळोखच राहतो.

समुद्रावर मोकळी जागा वेळ देऊन मिळवता येते. लेन्सवर 10 स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश दहा वेळा अर्धा-अर्धा करणारी गडद काच, लावला की आत येणारा प्रकाश सुमारे हजारपटीनं कमी होतो. जिथे एक तीसांश सेकंद पुरला असता तिथे अर्धा मिनिट शटर उघडं ठेवावं लागतं. त्या अर्ध्या मिनिटात लाटा येऊन जातात आणि फोटोत त्यांचा एक गुळगुळीत दुधी पृष्ठभाग होतो. खडक किंवा खुंटाला बांधलेली होडी सुटी उभी राहते. खडकासाठी हे उत्तम. होडी मात्र हलत असेल तर पुसट येणार, तेव्हा ओहोटीत वाळूवर टेकलेली होडी निवडावी. आणि ट्रायपॉड ओल्या वाळूत ठेवणार असाल तर पाय आधीच दाबून खोल रोवा, कारण प्रत्येक लाट पायांखालची वाळू थोडी थोडी काढून नेते.

किती ठेवायची आणि कुठे

याला ठरलेलं प्रमाण नाही. दोन तृतीयांश मोकळं ठेवा असं अनेक ठिकाणी सांगतात. सुरुवातीला ते धरून चालायला हरकत नाही, पण त्याला नियम मानू नये. जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांनी 1980 पासून जगभरच्या समुद्रांचे फोटो काढले. त्यांत क्षितिज नेमकं मधोमध असतं, वर अर्ध आभाळ, खाली अर्ध पाणी, आणि दुसरं काहीही नसतं. सब्जेक्ट कुठला आणि मोकळी जागा कुठली हे ते आपल्यावर सोडतात.

दिशेचा विचार मात्र नेहमी करावा. माणूस ज्या बाजूला बघतोय, सायकल ज्या बाजूला चालली आहे, त्या बाजूला जागा ठेवली की पुढे काहीतरी आहे असं वाटतं. उलट, जागा पाठीमागे ठेवली आणि चेहरा फ्रेमच्या कडेला टेकवला तर फोटोत अस्वस्थपणा येतो. बहुतेक पुस्तकं याला चूक म्हणतात. पण गाव सोडून निघालेल्या, किंवा नातेवाइकांना निरोप देऊन फाटकातून बाहेर पडणाऱ्या माणसाचा फोटो असेल, तर मागे सुटलेली ती जागाच महत्त्वाची असते. अशा वेळी ती मागेच ठेवावी.

एकट्या छोट्या वस्तूला मोठ्या मोकळ्या जागेत फार वजन येतं. त्यामुळे ती वस्तू तेवढी महत्त्वाची आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. अफाट डोंगर आणि कोपऱ्यात रंगीत जॅकेट घातलेला, पाठमोरा माणूस असे फोटो आता इतके झाले आहेत की त्यात माणूस कोण, डोंगर कुठला यानं काही फरक पडत नाही. तिथे मोकळी जागा नुसती सजावट होते. आणि काही विषयांना ती मानवतच नाही. आठवड्याचा बाजार, लोकलचा डबा, लग्नघरातलं स्वयंपाकघर यांचं सांगणंच दाटीचं असतं. रघुबीर सिंग यांचे रंगीत फोटो पाहा. फ्रेम काठोकाठ भरलेली असते, प्रत्येक कोपऱ्यात वेगळंच काही चाललेलं असतं. पण बारकाईनं पाहिलं तर तिथेही दोन माणसांच्या मध्ये बोटभर फट शाबूत असते, म्हणून ती गर्दी वाचता येते. गर्दी टिपणाऱ्यानं मोकळ्या जागेचा अभ्यास उलट जास्तच करावा असं मला मनापासून वाटतं.

फोटो काढून झाल्यावर

मोकळ्या जागेत दोष लपत नाहीत. सेन्सरवर बसलेला धुळीचा कण लेन्सचं छिद्र मोठं असताना, एफ 2.8 ला, दिसत नाही; छिद्र लहान केलं की, एफ 16 ला, निरभ्र आभाळात काळसर ठिपका होऊन येतो. झाडीत तो खपून गेला असता. म्हणून आभाळ शंभर टक्के मोठं करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावं आणि ठिपके काढावेत. दुसरा त्रास पट्ट्यांचा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात. संध्याकाळचं आभाळ जास्त ताणलं, कॉन्ट्रास्ट वाढवला, की निळ्यातून केशरीत जाणारा हळुवार उतार तुटून जिन्यासारखे पट्टे दिसतात. 14 बिट रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं जेपेगमध्ये न आवळलेल्या मूळ फाइलमध्ये, अशा 16,384 पायऱ्या असतात. मोकळ्या जागेचे फोटो रॉमध्ये घ्यावेत ते यासाठी. मोबाइलवर डिजिटल झूम टाळावं, कारण त्यातला रवाळपणाही सगळ्यात आधी आभाळातच दिसतो.

क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापणं, शेवटी करावा आणि शक्यतो काढताना थोडं सैल काढावं. मासिकाला, निमंत्रणपत्रिकेला, पोस्टरला फोटो द्यायचा असेल तर मजकुरासाठी जागा लागते, आणि घट्ट काढलेल्या फोटोत ती नंतर निर्माण करता येत नाही. सोशल मीडियावर आडवा फोटो उभ्या किंवा चौकोनी चौकटीत कापला जातो आणि पहिला बळी मोकळ्या जागेचाच जातो, तेव्हा तिथे टाकण्यासाठी वेगळा उभा फोटो काढलेला बरा.

जमल्यास असा एखादा फोटो मोठा छापून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर दूरची होडी ज्वारीच्या दाण्याएवढी दिसते आणि बोट पुढे सरकतं. त्याच फोटोच्या बारा बाय अठरा इंची प्रिंटपुढे माणूस थांबतो. छापताना फिकट धुक्याची कड कागदाच्या पांढऱ्यात मिसळून फ्रेम कुठे संपते तेच कळेनासं होतं. त्यावर दोन उपाय आहेत: कडेनं केसाएवढी बारीक करडी रेघ, किंवा फ्रेमवाल्याकडून किंचित गडद माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी. मॅट कागद घ्यावा, चकचकीत कागदावर मोकळ्या भागात खोलीतला दिवा आणि बघणाऱ्याचा चेहरा दिसत राहतो.